मानेकाकांचा खुलासा

प्रभाकर माने यांचं गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी इथे राहत्या घरी हृदयविकाराने निधन झालं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मागे पत्नी नलिनी, मुलगा, मुलगी आणि तीन नातवंडं आहेत. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी झांबियातल्या एका तरुणीच्या निकालासंबंधी एक ईमेल पाठवलं होतं. ते गेले तेव्हा त्याचं उत्तर आलेलं नव्हतं. ही तरुणी परीक्षेत नापास झाली होती, आणि तिला नापास केलं होतं मान्यांनीच. तो शेरा रद्द व्हावा यासाठी ते अडीच महिने पत्रव्यवहार करत होते.

माने मूळचे मिरजेजवळच्या एका खेड्यातले. मॅट्रिकनंतर त्यांनी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि मिरजेच्या एका हॉस्पिटलात यंत्रांच्या देखभालीचं काम धरलं. नलिनीकाकू तिथेच नर्स होत्या. पुढे अमेरिकेचा व्हिसा काकूंना मिळाला. "इथे बहुतेकांच्या बायका नवऱ्यामागून आल्या. मी काकूच्या सामानातून आलो," असं ते ओळख करून देताना सांगत. इथे पुन्हा शिकून ते हॉस्पिटलांतल्या उपकरणांचे तंत्रज्ञ झाले आणि तीस वर्षं त्याच कामात राहून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर इथल्या मराठी मंडळाच्या एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, आयटीतल्या एका तरुणाने त्यांना सुचवलं, "काका, आता चिल करा ना यार. गोल्फ-बिल्फ जॉइन करा." त्यावर ते म्हणाले, "अरे, जन्मभर ढेकळं नकोत म्हणून गाव सोडलं. आता पैसे भरून काठी घेऊन मातीत हिंडू होय?"

गोल्फऐवजी त्यांनी एका स्वयंसेवी संस्थेचा वर्ग घ्यायला सुरुवात केली. झांबियाच्या दक्षिण भागात एका मिशन हॉस्पिटलशेजारी, धान्याच्या जुन्या गोदामात हे केंद्र आहे. बारावी होऊन शेतावर परतलेल्या मुलामुलींना तिथे दोन वर्षांत हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवतात. देणगीत आलेली यंत्रं बिघडली की एका खोलीत ढीग करून ठेवायची, हाच तोवर तिथला रिवाज होता. पहिल्या तुकडीने त्या ढिगातली काही यंत्रं वॉर्डात परत नेली. त्यातल्या दोघांना तालुक्याच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. एकाने बाजारात सोलर पंप दुरुस्तीचं दुकान काढलं. माने कॅरीच्या घरातल्या गॅरेजमधून कॅमेऱ्यासमोर शिकवत. इथे सकाळचे सात वाजलेले असत, तिकडे दुपार. दरवर्षी सहा आठवडे ते तिकडे जाऊनही येत. इथल्या हॉस्पिटलांनी मोडीत काढलेली यंत्रं ते गोळा करत आणि केंद्राला पाठवत. सोबत ट्रान्सफॉर्मर आठवणीने देत, कारण अमेरिकेतली वीज एकशे दहा व्होल्टची आणि तिकडची, आपल्या भारतासारखी, दोनशे तीसची.

मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करून इथे आले. इंग्रजी ही ज्यांची तिसरी भाषा आहे अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांची हस्तपुस्तिका सोपी करायचं काम मान्यांनी मला दिलं. त्यामुळे पुढचं बरंचसं मी समोर बसून पाहिलेलं आहे. उरलेलं नलिनीकाकूंनी दाखवलेल्या पत्रव्यवहारात आहे.

मुटिंटा दुसऱ्या तुकडीतली. वडील नाहीत, आई मका पिकवते, घरात बारावी झालेली ती पहिली. हॉस्पिटलने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, अट फक्त प्रमाणपत्राची. शेवटच्या परीक्षेत तिला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून रोग्याला देणारं यंत्र, पूर्ण जोडून चालवून दाखवायचं होतं. यंत्र मान्यांनीच पाठवलेलं होतं. तिने जोडलं, सुरू केलं, पण ऑक्सिजन कमी असल्याचा पिवळा दिवा काही विझेना. तिने सगळं उकलून पुन्हा जोडलं. दिवा तसाच. मग ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली की जोडणीत चूक नाही, मोटर हळू फिरते आहे. वॉर्डातलं यंत्र असं वाजत नाही. कॅरीहून माने म्हणाले, "आवाज सोड. मीटर बघ." या परीक्षेचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. त्यात ती यानंतर मीटरकडे वळताना दिसते. मान्यांनी शेरा लिहिला : जोडणीत निष्काळजीपणा, अनुत्तीर्ण. हॉस्पिटलची जागा रिकामी राहिली. मुटिंटा मामाच्या मका दळायच्या गिरणीवर कामाला गेली.

आठ महिन्यांनी पुढच्या तुकडीतल्या एका मुलाच्या हातून तेच झालं. तेच यंत्र, तोच पिवळा दिवा. त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पुस्तिकेची पानं घेऊन बसले होते आणि काकू मेथी निवडत होत्या. काका वैतागून सांगत होते की सगळं बरोबर आहे, व्होल्टेज बरोबर आहे, तरी मोटर मंद कशी?

मान वर न करता काकू म्हणाल्या, "तुमच्या त्या घड्याळासारखं झालं असेल."

"कुठल्या घड्याळासारखं?"

"मामंजींसाठी इथून नेलं होतंत ते, विजेवरचं. मिरजेला. तासाला दहा मिनिटं मागे पडायचं. मामंजी म्हणाले नव्हते का, अमेरिकेत जाऊन मागे पडणारं घड्याळ आणलंस म्हणून?"

काका उठले आणि गॅरेजमध्ये गेले. तसलंच एक यंत्र तिथे होतं. त्यांनी ते आडवं केलं आणि तळाची पट्टी मला वाचायला लावली. तिच्यावर साठ हर्ट्झ लिहिलं होतं. अमेरिकेतला वीजप्रवाह सेकंदाला साठ हेलकावे घेतो. झांबियात आणि भारतात पन्नास. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हेलकावे बदलत नाहीत. साठावर फिरायला केलेली मोटर पन्नासावर तेवढ्या प्रमाणात हळू फिरते. म्हणून घड्याळ मागे पडतं आणि यंत्राला हवा कमी पडते. ऑक्सिजन उतरतो. "आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे हे," काका म्हणाले. "तीस वर्षं इथे ही ओळ वाचायची वेळच आली नाही. तिने कानाने ओळखलं, आणि मी तिला मीटर बघ म्हणालो."

केंद्रातून मोटरचा वेग मोजून घेतल्यावर ते माझ्याकडे आले.

"अहो पत्रकार, पेपरात चूक छापून गेली की तुम्ही काय करता?"

"दुसऱ्या दिवशी खुलासा देतो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली, कोपऱ्यात."

"लबाड आहात. आपला पहिल्या पानावर जाईल."

त्यांनी लिहून आणलेला मजकूर दीड पानाचा होता. त्यात 'अक्षम्य' हा शब्द तीनदा होता आणि मिरजेच्या घड्याळाची हकीकतही होती. मी तीन वाक्यं ठेवली : यंत्र साठ हर्ट्झचं असून ते पन्नासावर वापरलं गेलं. विद्यार्थिनी मुटिंटा हिने परीक्षेत दोष अचूक सांगितला होता. परीक्षक प्रभाकर माने यांनी तो ऐकला नाही. "फार कोरडं झालं," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "राहू दे. रडायचंय तर इथे रडा, पुस्तकात नको." पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत हीच तीन वाक्यं पहिल्या पानावर आहेत.

मग त्यांनी मुटिंटाला फोन केला. गिरणीचा आवाज येत होता, म्हणून तिने ती बंद करवली. काकांनी सगळं सांगितलं, माफी मागितली आणि पुन्हा परीक्षा घ्यायची व्यवस्था करतो म्हणाले. तिने विचारलं, "परीक्षा कशाला? मी नापास झालेच नव्हते ना?" फोन ठेवून काका काकूंना म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे. परीक्षा परत द्यायची तर ती मी द्यायला पाहिजे."

संस्थेच्या कार्यालयाचं म्हणणं वेगळं होतं. नियमाप्रमाणे निकाल फेरपरीक्षेनेच बदलतो. एका दिवसाचं काम आहे, मुलीने हट्ट का करावा, असं त्यांनी कळवलं. मान्यांच्या मुलीचंही तेच मत पडलं. "बाबा, शी कॅन जस्ट री-टेक इट. तिला जॉब मिळण्याशी मतलब ना?" काकांनी तिला विचारलं, "तुला एखाद्याने उगाच चोर ठरवलं, तर चोरी केली नाही हे दाखवायला तू पुन्हा त्या दुकानात जाशील?" पण तिच्या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले होते. तिकडे हॉस्पिटलने जागा तीन महिन्यांपुरतीच रिकामी ठेवू असं सांगितलं होतं. फेरपरीक्षेने ती आठवड्यात मिळाली असती. त्यांनी मुटिंटाला तसं स्पष्ट लिहिलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिचं उत्तर एका ओळीचं होतं : ज्या कागदावर निष्काळजी लिहिलं आहे, तो तसाच राहणार असेल तर मला दुसरा कागद नको.

त्यानंतर त्यांनी परीक्षकांच्या यादीतून स्वतःचं नाव काढायला सांगितलं आणि परीक्षेचं रेकॉर्डिंग बाहेरच्या अभियंत्याला दाखवावं अशी मागणी केली. संस्थेने आधी नकार दिला. तीन पत्रांनंतर होकार आला. झांबियाच्या राजधानीतल्या, लुसाकातल्या एका महिला अभियंत्याने रेकॉर्डिंग पाहून अहवाल दिला की उमेदवाराने यंत्र दोनदा निर्दोष जोडलं आणि बिघाडाचं कारण बरोबर सांगितलं. तो अहवाल समितीपुढे ठेवावा, हॉस्पिटलची मुदत संपायला सोळा दिवस उरले आहेत, असं मान्यांनी सोमवारी दुपारी ईमेलने कळवलं. मंगळवारी सकाळी ते गेले.

समितीचं पत्र त्या शुक्रवारी त्यांच्या पत्त्यावर ईमेलने आलं. नलिनीकाकूंनी ते उघडलं. मूळ परीक्षेचा निकाल मूळ तारखेसह 'उत्तीर्ण' असा दुरुस्त करण्यात आला होता आणि शेरा रद्द झाला होता. काकूंनी ते त्याच दिवशी मुटिंटाला पाठवलं.

हा मजकूर देण्यापूर्वी हॉस्पिटलच्या प्रशासकांना फोन केला. मुदत संपायला चार दिवस असताना मुटिंटा तंत्रज्ञ म्हणून रुजू झाली, असं त्यांनी सांगितलं. तिच्याशी बोलता येईल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, आता नाही. ती लहान मुलांच्या वॉर्डात यंत्र तपासत होती.