सोमवारचा वास

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक तैवानी रेस्टॉरंट आहे. इमारत दुबईत, जबल अलीच्या अलीकडच्या वसाहतीत. रेस्टॉरंटच्या डाव्या हाताला केरळी माणसाचं सलून, उजव्या हाताला लाँड्री. आत पाच-सहा टेबलं, बाहेर फुटपाथवर दोन. नवरा स्वयंपाक करतो, बायको बाकीचं सगळं करते. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. भिंतीवर लाल कागदाचं तोरण आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाही ते एका बाजूनं सुटलेलं होतं, आजही तसंच आहे.

आठवड्यातून एकदा तरी आम्ही तिघं तिथं जेवतो: मी, माझी बायको आणि इथंच वाढलेली आमची मुलगी. मी बरीच वर्षं एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो, आता घरून काम करतो. बायको समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. शनिवार-रविवारी तिला सुट्टी मिळत नाही. तिची सुट्टी सोमवारी. आम्ही वसईचे, कॅथलिक. ही माहिती पुढे लागणार आहे, म्हणून इथंच देऊन ठेवतो.

तिथं जेवायची रीत सोपी आहे. टेबलावर छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल असते. हव्या त्या पदार्थापुढे खूण करायची आणि चिठ्ठी काउंटरवर द्यायची. काचेच्या फ्रिजमध्ये लहान बशा मांडलेल्या असतात: लसूण लावलेली काकडी, उकडलेले शेंगदाणे, चिरलेलं समुद्री शेवाळ. त्या आपणच उठून घ्यायच्या. बायको नूडल्सच्या सूपवर मोहरीच्या पाल्याचं लोणचं दोनदा मागून घेते. मुलीला पातीचा कांदा घातलेला, पापुद्रे सुटणारा पॅनकेक लागतो.

"पराठाच आहे हा," मी दर वेळी म्हणतो.

"डॅड, इट्स नॉट अ पराठा," ती दर वेळी म्हणते.

शनिवारी संध्याकाळी तिथं एक खास पदार्थ मिळतो. सोयाबीनचं पनीर, म्हणजे तोफू, भाज्यांच्या खारवणीत आंबवून तळलेला. त्याच्या नावातच त्याला वास येतो असं सांगितलेलं आहे, आणि तो येतोच. तळणीत टाकला की सलूनमधला माणूस दार ओढून घेतो. आम्ही तो कधी मागवला नव्हता. आमची जाण्याची वेळ शनिवारची नसायचीच, असं मी स्वतःला सांगत असे.

गेल्या हिवाळ्यात, जानेवारीच्या अखेरीस, मालकीणबाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. त्या कधी बसत नाहीत. त्यांचं इंग्रजी तुटक आहे, पण त्यात गोंधळ नसतो. दुकानाचा करार महिन्याभरात संपत होता. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की, रहिवाशांची वासाबद्दल तक्रार आहे. सह्यांचा कागद आला तर करार वाढणार नाही.

"करार नाही तर लायसन्स नाही," त्या म्हणाल्या. "लायसन्स नाही तर व्हिसा नाही."

मग त्यांनी हात झटकले. "खलास."

आतून त्यांच्या नवऱ्यानं पळी आपटली, आणि त्या आमचं सूप आणायला उठल्या.

तक्रारीमागे कोण आहे ते दोनच दिवसांत कळलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक पुण्याचे गृहस्थ नाताळानंतर राहायला आले होते. आयटीत मोठ्या हुद्द्यावर, शुद्ध शाकाहारी, बोलायला गोड. आम्ही मराठी आहोत हे त्यांना लिफ्टमध्ये कळलं आणि तेव्हापासून ते माझ्या बायकोला वहिनी म्हणत. इथं माणसं एकमेकांना फ्लॅटच्या नंबरानं ओळखतात. आडनाव विचारायची वेळ आलीच नव्हती, आणि नाताळात आमच्या बाल्कनीत लावलेला कागदी तारा ते येण्याआधी उतरलेला होता.

त्यांनी मला रेस्टॉरंटच्या बाहेर गाठलं. आत यायला ते तयार नव्हते.

"तुम्ही इथं जेवता?"

"हो."

"कमाल आहे. बरं, ते असो. तुम्ही पत्रकार माणूस. तक्रारीचा मसुदा तुम्हीच करा. तुमचं इंग्रजी वाचून मॅनेजमेंट हलेल."

मी नकार दिला नाही. सवयीनं प्रश्न विचारले. वास नेमका कधी येतो? कुठून येतो? कुणी पाहिलं?

"शनिवारी येतो. पण शनिवारचं सोडा, तो खालून येतो आणि जातो. सोमवारी असह्य होतं. दुपारपासून. थेट किचनच्या डक्टमधून. मेलेलं जनावर शिजवल्यासारखं."

"तो याच रेस्टॉरंटचा कशावरून?"

ते हसले. "अहो, आणखी कोणाचा असणार? आपल्या मजल्यांवर सगळी आपलीच माणसं. आमच्या बाजूला नाशिकचे, तुम्ही, समोर ते रत्नागिरीचे. कोकणातले लोक मासे खातात, मान्य. पण सोमवारी? शंकराचा वार. सोमवारी आपल्यात कोण मासे शिजवतं?"

त्यांनी हे जाहीर सत्य सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं तपास पूर्ण झाला होता. सोमवारी मराठी घरांत मासे शिजत नाहीत, म्हणून सोमवारचा वास तैवानी. मी रेस्टॉरंटच्या दाराकडे पाहिलं. दारावर हातानं लिहिलेली पाटी होती, गेली अनेक वर्षं होती: सोमवारी बंद.

ते पाटीला पाठ करून उभे होते. मी त्यांना तेव्हा काही सांगितलं नाही. विचार करून सांगतो म्हणालो.

त्याला कारण होतं. सोमवारी दुपारी आमच्या घरात काय शिजतं हे मला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी बायको सुके बोंबील करते. बोंबील वसईहून येतात, सासूबाई ते आधी वर्तमानपत्रात आणि मग तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून देतात. वर्तमानपत्राच्या इतक्या खात्रीच्या उपयोगाबद्दल मला डेस्कवर कुणी सांगितलं नव्हतं. बोंबील तव्यावर भाजायचे, तुकडे करायचे, मग कांदा, बाटली मसाला आणि चिंच घालून परतायचे. भाजताना वास घरभर होतो.

तो बाहेर जाऊ नये म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. आम्ही या देशात पहिल्यांदा संसार मांडला त्या इमारतीत वॉचमन दारात येऊन उभा राहिला होता. "मॅडम, कम्प्लेंट है. स्मेल." त्याच्या मागे कॉरिडॉरमधली दोन दारं किलकिली होती. तेव्हापासून बोंबील करायचे असले की बायको टॉवेल ओला करून मुख्य दाराच्या फटीत दाबून ठेवायची. खिडक्या बंद. नंतर बखूर, म्हणजे इथला सुगंधी धूप, जाळायचा. मुलीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की, लहानपणी बोंबलाच्या या पदार्थाचं नाव काय असं तिला विचारलं तर ती म्हणायची, "टॉवेल डे."

डक्टचा विचार आम्ही केला नव्हता.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सोमवार?" ती म्हणाली.

"सोमवार."

"मॉम," मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "दॅट्स अस."

बायको आधी हसली. मग हसणं थांबलं. मी माझा प्रस्ताव मांडला. त्या गृहस्थांना एवढंच सांगायचं की, सोमवारी रेस्टॉरंट बंद असतं. तक्रारीतला मुख्य मुद्दाच खोटा ठरतो. आपलं नाव घेण्याची गरज नाही. आपलाही करार उन्हाळ्यात संपतो आहे, हे मी जोडलं.

"आणि मग?"

"मग तक्रार पडेल."

"पडणार नाही. मग ते वास कोणाचा ते शोधत फिरतील. आज खालची बाई, उद्या चौथ्या मजल्यावरच्या फिलिपिनो पोरी. आणि मी टॉवेल आणखी घट्ट दाबत बसू? इतकी वर्षं मी माझ्याच घरात चोरासारखी स्वयंपाक करते आहे. हॉटेलात मी दिवसभर लोकांचे परफ्यूम हुंगते, कधी कुणाची तक्रार केली?"

इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं तेव्हाच इंग्रजीत निरोप लिहिला आणि मला तपासायला दिला. मजकूर असा होता: सोमवारी येणारा वास आमच्या फ्लॅटमधून येतो. तो सुक्या माशांचा आहे. रेस्टॉरंट सोमवारी बंद असतं, दारावर तशी पाटी आहे, ज्या मूर्ख माणसाला वाचता येत असेल त्यानं वाचावी. येत्या सोमवारीही आम्ही सुके मासे करणार आहोत.

मी एक विशेषण काढलं. बाकी मजकुरात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. तिनं निरोप पाठवला, खाली फ्लॅटचा नंबर घालून.

 ग्रुपवर आधी चौथ्या मजल्यावरून एक हसरा चेहरा आला. मग कुणीतरी पार्किंगबद्दल लिहिलं.

पुण्याचे गृहस्थ वरच्या मजल्यावरून स्वतः खाली उतरून आले. दारात उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, धक्का होता.

"वहिनी, सोमवारी?"

"आमच्यात सोमवार नसतो, भाऊजी."

"म्हणजे?"

"आम्ही ख्रिस्ती. मांस सोडतो ते शुक्रवारी, तेही ईस्टरच्या आधी. मासे तेव्हाही चालतात."

ते आमच्या दाराच्या चौकटीकडे पाहायला लागले, तिथं काहीतरी लिहिलेलं असायला हवं होतं आणि आपण ते वाचलं नाही, अशा नजरेनं. मग म्हणाले, "पण तुम्ही तर इतकं छान मराठी बोलता!"

हे वाक्य आम्ही दोघांनीही आयुष्यभर ऐकलं आहे. कॉलेजात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये. माझी बायको एरवी त्यावर हसून विषय बदलते.

"तुम्हीही छान बोलता," ती म्हणाली. "कुठं शिकलात?"

ते दारातून एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, "ठीक आहे. तक्रारीतून सोमवार काढतो. पण शनिवार त्यांचाच आहे ना? तो राहील."

"राहू दे," बायको म्हणाली. "मसुदा मात्र यांच्याकडून मिळणार नाही."

दार लावल्यावर ती मला म्हणाली, "आपला बोंबील सगळ्यांनी सोसावा म्हणतो आपण. त्यांचा तोफू आपण कधी चाखला?"

त्या शनिवारी तिनं हॉटेलात ड्यूटी बदलून घेतली. आम्ही तिघं फुटपाथवरच्या टेबलाशी बसलो, जिथून इमारतीचं मुख्य दार समोर दिसतं. मी चिठ्ठीवर वासाच्या तोफूपुढे खूण केली. मालकीणबाईंनी खूण पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं आणि पेन्सिलीनं एकाच्या जागी तीन प्लेट केल्या. 

प्लेट आली. बाहेरून करकरीत, आत मऊ, वर लसणीचं पाणी, बाजूला कोबीचं आंबट लोणचं. वास तोंडाजवळ आणेपर्यंत असतो. चावल्यावर तो चव होतो. मुलीनं एक तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "ओके. इट्स टॉवेल डे." बायकोनं पहिली प्लेट संपवून दुसरी पुढे ओढली.

लोक घरी परतत होते. गाड्यांतून उतरत होते, नाकाला हात लावत होते, मग आम्हाला पाहून हात खाली घेत होते. चौथ्या मजल्यावरच्या दोघी शेजारच्या टेबलावर येऊन बसल्या. पुण्याचे गृहस्थ किराण्याच्या पिशव्या घेऊन आले तेव्हा बायकोनं त्यांना मोठ्यानं हाक मारली.

"या भाऊजी, बसा! तुम्हाला चालेल. शाकाहारी आहे."

ते थांबले. "हे?"

"सोयाबीन. भाज्यांच्या पाण्यात. मी विचारून घेतलंय. अंडंसुद्धा नाही."

मेलेल्या जनावराबद्दलचं त्यांचं वाक्य मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असावं. ते बसले नाहीत. "यल्ला, चला, उशीर होतोय," म्हणाले आणि आत गेले.

तक्रार मॅनेजमेंटकडे गेलीच. सह्या अपेक्षेपेक्षा कमी होत्या, पण होत्या. करार एका वर्षासाठी वाढला, एका अटीसह: शनिवारचा तो पदार्थ दुकानाच्या बाहेर वाढायचा नाही. मालकीणबाईंनी कागद वाचला आणि बाहेरचं एक टेबल ओढून उंबरठ्यावर आणलं. त्याचे दोन पाय आत असतात, दोन बाहेर. प्लेट आतल्या अर्ध्या भागावर ठेवतात. जेवणारा माणूस बाहेर बसतो. व्यवस्थापनाचा माणूस एकदा येऊन ते बराच वेळ पाहून गेला. कागदात प्लेटबद्दल लिहिलं होतं, माणसाबद्दल नव्हतं. पुढच्या वर्षी काय होईल ते मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही.

आम्हालाही एक पत्र आलं. उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांचा विचार करावा. बायकोनं ते फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं, दूधवाल्याच्या नंबराशेजारी. पहिल्याच सोमवारी तिनं बोंबील भाजले, खिडक्या उघड्या ठेवून. टॉवेल मी सवयीनं ओला करून आणला होता. तिनं तो माझ्या हातातून घेतला, पिळला आणि बाल्कनीत दोरीवर वाळत घातला.