सिस्टिमनं खाल्लेली नावं

राजश्री इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल गावच्या एका ऑफिसात डेटाबेस सांभाळते, आणि राग त्याहून नीट सांभाळते.

गेल्या वर्षी तिथल्याच आमच्या स्लाऊ गावच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत तिला मत देऊ दिलं नाही. सदस्यांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. मंडळाचे सेक्रेटरी रघुवीरकाका, त्यांच्या विरोधात ती बोलायची ना. "सिस्टिमनं खाल्लं असेल गं," काका हसत म्हणाले. तिनंही हसून सिस्टिम दुरुस्त करून दिली. काकांनी जाहीर आभार मानले.

दुरुस्ती एवढीच, की कोणी नाव बदललं किंवा उडवलं, तर उडवणाऱ्याच्या नावासकट नोंद व्हावी. मग ती वर्षभर गप्प बसली.

यंदाच्या निवडणुकीच्या सभेत आणखी सहा नावं गायब निघाली.

"काका, नक्की सिस्टिमनंच खाल्ली?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

"मग काय मी खाल्ली?"

तिनं पडद्यावर नोंदी लावल्या. सहाही नावांपुढे उडवणारा एकच होता, रघुवीर. मग काकांना सातवी ओळ दिसली. सदस्य, रघुवीर. उडवणारी, राजश्री, आज सकाळी.

"हे मात्र सिस्टिमनं नाही, मी खाल्लं," ती म्हणाली. "आज तुम्हाला मत देता येणार नाही, काका. चहा घेऊन जा."