मधला थांबा

अजित पावरा शाळेत उशिरा यायचा, त्यात जीपवाल्यांचा काही दोष नव्हता. तोरणमाळच्या घाटातल्या उंबरीपाड्याहून खाली शाळेपर्यंत सकाळी तीन-चार जीपा जायच्या आणि प्रत्येकीची गाणी वेगळी. एकीत भजनं, एकीत प्रेमभंगाची रडगाणी, आणि रायसिंगच्या जीपमध्ये टिमली. टिमली म्हणजे या डोंगरपट्ट्यात लग्नाला ज्याच्यावर नाचतात ते गाणं, एकदा सुरू झालं की पाय जागेवर राहू देत नाही असं. रायसिंगच्या जीपच्या ब्रेकबद्दल कुणी खात्री देत नसे, स्पीकरबद्दल मात्र सगळे देत. अजित पहिल्या दोन जीपा खुशाल सोडायचा आणि रायसिंगच्या जीपला मागं लटकायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण शाळा आली तेव्हा गाणं संपलेलं नसलं, की पोरगा उतरायचाच नाही. गाणं संपेल तिथं उतरायचं आणि तिथून उलट चालत यायचं, हा त्याचा नेम. मुख्याध्यापकांनी एकदा कान धरून विचारलं, तर म्हणाला, "सर, शाळा आली होती, पण गाणं मधेच होतं." हे उत्तर ऐकून सरांनी कान सोडला.

हे वेड आलं आईकडून. तुळशीबाई म्हणजे पाड्यातल्या बायकांच्या रांगेची पहिली बाई. लग्नात, होळीत बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून लांबलचक रांग करतात आणि फेर धरतात. रांगेच्या टोकाची बाई पहिली ओळ म्हणते, पाऊलही तीच ठरवते, बाकीच्या तिच्यामागं जातात. अजित तान्हा होता तेव्हा त्याला पाठीशी बांधून ती नाचायची. ढोल जोरात असला की पोरगं गाढ झोपायचं आणि ढोल थांबला की भोकाड पसरायचं. दीर रूपसिंग ढोल वाजवायचा. तो म्हणायचा, या पोरानं मला कधी धड जेवू दिलं नाही.

घरात पावरी बोलतात. मराठी शाळेपुरती, आणि खाली बाजारात अहिराणी. त्यामुळे तुळशीबाईचं बोलणं इथं मराठीत उतरवलं की जरा मवाळ वाटतं. प्रत्यक्षात ते तसं नव्हतं.

बारावीनंतर अजित कॉलेजसाठी खाली शहाद्याजवळ लोणखेड्याला आला. वर्गात तो कितपत बसला ते विचारू नये. कॉलेजच्या रस्त्यावर हेमकांतचं साउंडचं गोडाऊन होतं. हेमकांत गुजर घरातला, बाप रतिलालशेठ केळी-पपईवाले. बापाला वाटायचं पोरानं ठिबककडे बघावं, पोराला वाटायचं स्पीकर लादलेल्या पिकअपवर आणखी दोन बेस चढवावेत. अजित आधी नुसता ऐकायला उभा राहायचा, मग खोकी उचलू लागला, मग वायरी जोडू लागला. वर्षभरात त्याला एवढं कळायला लागलं की कुठला स्पीकर कुरकुरतोय हे तो रस्त्यावरूनच सांगायचा.

तरी गाणी लावायला त्याला कोणी हात लावू देत नव्हतं. ते काम मिथुनचं. मिथुन हा हेमकांतचा डीजे, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात हेडफोन, आणि स्वभाव असा की लॅपटॉपवर दुसऱ्याची सावलीही खपायची नाही. पण एका उन्हाळ्यात मिथुनचंच लग्न निघालं. हळदीला डीजे तर हवाच, आणि वाजवणारा तर पाटावर बसलेला. हे हेमकांतच्या लक्षात आलं तेव्हा मांडवात माणसं जमली होती.

"आते कोण वाजाडी?" हेमकांतनं डोक्याला हात लावला. मग त्याची नजर अजितवर गेली. "ओ पोऱ्या, तुले येस का रे?"

"येस," अजित म्हणाला. येत काही नव्हतं. पण पाण्यात पडल्यावर पोहता येतं म्हणतात.

पहिली दोन गाणी बरी गेली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं नवरा हळदीच्या अंगानं चार वेळा उठून बेस वाढवायला आला. बायकांनी त्याला चार वेळा धरून नेलं. पाचव्या वेळेला त्याला अडवताना अजितचं कोपर बटणावर पडलं आणि ऐन रंगात गाणं बंद.

नाचणाऱ्यांचे हात होते तिथं वर राहिले. अजितनं धडपडत बटण दाबलं, गाणं धाडकन सुरू झालं, आणि मांडव असा उसळला की कनातीचा एक बांबू सुटला. लोकांना वाटलं मुद्दाम केलं. "परत! परत!" म्हणून ओरडा झाला. अजितनं परत केलं.

त्या दिवसापासून त्याचा हातखंडा ठरला. गाणं चढवत न्यायचं, माणसं भान विसरली की गपकन थांबवायचं, आणि त्यांचा जीव कासावीस झाला की सोडायचं. हेमकांत खूश. "देख, गाणं मझार थांबाडनं, मंग धडाम करीसन सोडनं. लोके पागल व्हतस," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, जणू काही शोध त्याचाच. मिथुननं लग्नानंतर सासऱ्यांचं दुकान धरलं आणि पिकअपवर अजितचं नाव रंगलं. शहाद्यापासून तळोद्यापर्यंत पोरं त्याला 'थांबा डीजे' म्हणू लागली. एकदा तर साक्षात रतिलालशेठ, ज्यांना डीजे म्हणजे पैशांची राख वाटायची, ते पुतणीच्या वरातीत एक पाय पुढं आणि एक हात वर अशा अवस्थेत थांबलेले सापडले. गाणं सुरू झालं तसे ते घाईघाईनं चालत निघून गेले, पण ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं.

सगळीकडे नाव झालं, फक्त उंबरीपाड्यात नाही. पिकतं तिथं विकत नाही. पाड्यातल्या लग्नात रूपसिंगचा ढोल, बस. अजितला त्याचंही वाईट वाटलं नसतं. त्याला खुपायचं ते एवढंच की आपल्या गाण्यावर सगळी दुनिया नाचली, आई नाचली नाही. खालच्या एखाद्या लग्नाला चल म्हटलं तर म्हणायची, शेळ्या कोण बघेल? घरी येऊन फोनवर ऐकवलं तर ऐकायची आणि म्हणायची, "शाळा आली तरी गाणं अर्धं टाकत नव्हतास. आता धंदाच अर्ध्या गाण्याचा काढलास?" हे बोलून ती भाकरी उलटायची. अजितला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हे बोलणं आठवायचं आणि तो कूस बदलायचा.

मग रूपसिंगच्या मुलाचं, भिलाचं लग्न ठरलं. भिला हटून बसला, माझ्या लग्नात चुलतभावाचा डीजे पाहिजे. रूपसिंग आधी फुगला, मग हो म्हणाला. अजित पिकअप घेऊन घाट चढला तो छाती फुगवूनच. मोहाच्या झाडाखाली गाडी लावली आणि ऊन उतरता उतरता टिमली सोडली.

आणि तुळशीबाई उठली. नवं लुगडं, पायांत चांदीची कडी. रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली, शेजारणीच्या कमरेत हात घातला आणि पहिलं पाऊल टाकलं. तिच्यामागं रांग वाढत गेली, म्हाताऱ्या आल्या, नव्या सुना आल्या. अजितला पिकअपवर उभं राहवेना. इतक्या वर्षांची इच्छा समोर फेर धरत होती. आईला आपली करामत दाखवावी, याहून दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. गाणं चढवत चढवत त्यानं टोकाला नेलं आणि थांबवलं.

आता खाली शहाद्याला माणूस नाचतो तो आपला एकटा. गाणं थांबलं की तोही थांबतो. इथं सगळ्या बायका एकमेकींना धरून पुढं झुकलेल्या, एक पाय उचललेला, तो पाय टेकायचा पुढच्या ठोक्यावर. ठोका आलाच नाही. काहींनी पाय टेकला, काहींनी नाही टेकला, आणि पावसात भिजलेला कूड बसावा तशी रांग एका टोकापासून बसत गेली. सगळ्यांत खाली तुळशीबाई.

बायकाच आधी हसल्या. मग पुरुष हसले, मग पोरं हसून लोळली. तेवढ्यात अजितच्या हातानं सवयीनं गाणं धाडकन सोडलंही, त्यामुळे हसण्याला आणखी जोर आला. फक्त तुळशीबाई हसली नाही, कारण तिचा घोटा मुरगळला होता. रूपसिंगनं कुणाला न विचारता ढोल गळ्यात अडकवला आणि उरलेलं लग्न ढोलावर झालं.

रात्री अजित आईजवळ जाऊन बसला. तिच्या घोट्याला हळदीचा लेप होता.

"खाली लोकांना आवडतं," अजित म्हणाला.

"आवडत असेल," तुळशीबाई म्हणाली. "पण रांगेत मी पाय उचलते तो कुणाच्या भरवशावर? वाजवणाऱ्याच्या. तू माझा मुलगा, म्हणून मी जास्तच उचलला होता."

अजितला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं. तो उठून गाडीत जाऊन बसला आणि खरंच रडला.

पुढचा सगळा पावसाळा तो रिकाम्या वेळी एकच उद्योग करत होता. फोन घेऊन पाड्यात जायचं, रूपसिंगला ढोल वाजवायला लावायचं, आणि ते ठोके लोणखेड्याला आणून गाण्याच्या बुडाशी बसवायचे. कुठं खाच नको, कुठं श्वास नको. रांग फिरत राहिली पाहिजे. हेमकांतला ते ऐकवलं तर त्यानं तोंड वाकडं केलं. "थांबा नही, त मजा काय शे यामा? लोके झोपी जातीन."

"हाई तुम्हनासाठे नही शे, भाऊ," अजित म्हणाला.

रूपसिंगला मात्र यात फायदा दिसला. "मला वाजवता वाजवता भूक लागते," तो म्हणाला. "तुझ्या मशीनला लागत नाही. सुनिताच्या लग्नात मी जेवून येईपर्यंत वाजव. पण माझा ठोका तुटता कामा नये. तुटला तर मी खरकट्या हातानं उठेन."

सुनिता ही त्याची धाकटी मुलगी. लग्न पुढच्याच उन्हाळ्यात होतं, म्हणजे अजितकडे दुसरी संधी होती, आणि तिसरी मिळणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी तसं सांगून ठेवलं होतं, पुन्हा रांग पडली तर मशीन घाटाखालीच.

सुनिताच्या लग्नात रांग फिरत होती, ढोल घुमत होता, पंगतीत बोकडाचा रस्सा वाढत होते. रूपसिंगनं वाजवता वाजवता भुवई उडवली. अजितनं ढोलाच्या ठोक्याखाली आपला ठोका सरकवला. रूपसिंगचा हात हळू होत गेला, थांबला, आणि रांगेतल्या कुणालाही पत्ता लागला नाही. रूपसिंगनं स्वतः दोनदा ढोलाकडे पाहिलं, हा अजून वाजतोय की काय म्हणून. मग तो हात धुवायला गेला.

पण रांगेच्या टोकाला शेजारची दिवलीबाई होती, तुळशीबाई नव्हती. तुळशीबाई पाण्याच्या माठांशी बसून होती, हाताची घडी घालून. घोटा केव्हाच बरा झाला होता, हे अजितला ठाऊक होतं. एक फेर झाला, दुसरा झाला. गाणं न तुटता चाललं होतं, आणि ज्याच्यासाठी केलं ते माणूस जागचं हललं नव्हतं. अजितला हातानं करायला काही उरलं नव्हतं. थांबवायचं नाही, सोडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. असा बिनकामाचा तो कधीच उभा राहिला नव्हता आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं.

तुळशीबाई उठली. रांगेकडे गेली नाही, सरळ पिकअपकडे आली. अजितला वाटलं, झालं, काहीतरी चुकलंच.

"तुझ्या हाताला इथं काम आहे?" तिनं खालून विचारलं.

"नाही."

"मशीन आपोआप वाजेल?"

"वाजेल."

"मग खाली उतर. तू तिथं चढून बसायचास आणि मी इथं नाचायचं, हे मला पहिल्यापासून आवडत नाही. लेक लग्नाच्या वयाचा झालाय, मग मी एकटीच कशी नाचू?"

अजित उतरला. इतक्या वर्षांत त्यानं लोकांना नाचवलं होतं, स्वतः रांगेत मात्र शाळा सुटल्यापासून गेला नव्हता. आईनं टोकाच्या दिवलीबाईला बाजूला सारलं, लेकाला दोघींच्या मधे घेतलं आणि त्याच्या कमरेत हात घातला. थांबा डीजे पहिल्याच पावलाला चुकला आणि त्याचा पाय आईच्या बरोबर त्याच घोट्यावर पडला.

"पायाकडे बघू नको," तुळशीबाई म्हणाली. "ऐक."

त्यानं ऐकलं. दोन-तीन पावलं आणखी चुकली, मग जमायला लागलं. आईनं गाण्याची ओळ उचलली, तिच्या मागं सगळ्या रांगेनं उचलली, आणि अजितला तिचा आवाज शेजारून, कानाला लागून ऐकू येत होता. तिचा हात त्याच्या कमरेला घट्ट होता. त्याचे डोळे भरून आले, पण दोन्ही हात अडकलेले, पुसणार कशानं.

फेर घेत रांग पंगतीच्या बाजूला आली तेव्हा रूपसिंग जेवून उठला होता. तोंड पुसत, ढेकर देत तो आला आणि त्यानं ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवायला घेतला.

तुळशीबाईनं पाऊल न चुकवता त्याच्याकडे पाहिलं. "रूपसिंग," ती म्हणाली, "आणखी थोडं जेव."

रूपसिंगनं ढोल खाली ठेवला आणि तो पुन्हा पंगतीत जाऊन बसला.