उंडीखालची जागा

शालनची मुलगी माहेरी तापानं गेली तेव्हा सहा महिन्यांची होती. ते एक्क्याऐंशी साल. नवरा भगवान अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर होता. तार मिळून तो कोकणात पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकडीत बौद्धवाडीतली माणसं आपली लहान मुलं पुरत. गावच्या मसणात त्यांना कधी जागा मिळाली नव्हती. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी सगळी वाडी टेकडीवर जमे, वंदना म्हणे आणि ज्याच्या-त्याच्या जागेवर करवंटीच्या आडोशाला मेणबत्ती लावी.

शालनला पुन्हा मूल झालं नाही. अंबरनाथला लागून असलेल्या कॅम्प पाचमधल्या सिंधी मालकाच्या, साईंच्या, कारखान्यात ती जीन्सना काजं करायची. गावाचा विषय निघाला की भगवान म्हणायचा, "जाऊन काय करणार?" चौऱ्याण्णवच्या वैशाखात मात्र तोच म्हणाला, "चल. मला एकदा जागा बघायचीय."

एसटीतून उतरून होडीनं खाडी ओलांडली, मग पुळणीवरून चाल. रस्ता असा नव्हताच. शालन झपाझप पुढे निघाली. मुलीची जागा उंडीच्या झाडापासून समुद्राकडे थोडं खाली. तिला पक्कं आठवत होतं. पण झाडच दिसेना. ती किनाऱ्यानं पार खडकापर्यंत जाऊन परत आली.

तोवर वाडीतली माणसं आली होती. त्यांत तिचा चुलतभाऊ महिपती होता.

"महिपती, उंडी कुठं रे?"

"ती कधीच गेली, ताई. समुद्र आत आला. अर्धी टेकडी त्यानं नेली, उरलेली वारा मागं ढकलतोय. कुणाची जागा कुठं, आता कोण सांगणार? आम्ही सगळ्यांच्या मेणबत्त्या एकत्रच लावतो."

शालन खाली बसली आणि हातांनी वाळू उकरायला लागली. कोरडी वाळू खड्ड्यात परत ओघळत होती. भगवाननं तिचे दंड धरले.

"पुरे, शालन."

"तुम्हाला काय! तुम्ही थोडीच पुरलंत तिला?"

"म्हणून तर आलो," तो म्हणाला. "तुला ठाऊक असेल, या भरवशावर."

वंदना सुरू झाली. "कुठंही लाव ना, ताई," महिपती म्हणाला. तिनं नकारार्थी मान हलवली. मेणबत्ती तशीच पिशवीत गेली.

पुढच्या वैशाखात भगवाननं विचारलं, "जायचं का?"

शालन तांदूळ निवडत होती. "कुठं?" तिनं विचारलं.

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.