चावी सुखदेवभाऊंच्या खिशात

आमच्या प्लँटचे एवढे किस्से माझ्याकडे साठले कसे, असं मित्र विचारतात. आणि एवढ्या मोठ्यानं काऊन सांगतोस बाबा, आम्ही शेजारीच बसलो ना, असंही विचारतात! दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण ते शेवटी. आधी सांगितलं तर बाकीच्या किश्श्यांवर तुम्ही हसणार नाही. तसं मलाही आता कुठं हसू येतं म्हणा!

दोन हजार दहाच्या मागेपुढे मी गोंदियाच्या बाहेर एका रेडीमिक्स प्लँटवर सुपरवायझर होतो. रेती, गिट्टी, सिमेंट, पाणी कालवून काँक्रीट करायचं आणि मोठ्या फिरत्या ड्रमच्या गाडीतून साइटवर पोचवायचं, हे आमचं काम. त्या गाडीला आम्ही मिक्सर म्हणायचो. प्लँटची सेफ्टी कोणाकडे? तर माझ्याकडे! मालकांनी, म्हणजे सेठनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सेफ्टी आप देख लेना. बस, कागज पूरे रखना."

मी कागद पुरे ठेवले. तेवढंच केलं.

*

पहिल्या वर्षी बारा पिवळे हेल्मेट आले. मी वाटले, सह्या घेतल्या, मोकळा झालो. पंधरा दिवसांनी नागपूरहून एक मोठे इंजिनियर पाहणीला येणार म्हणून फोन आला, तेव्हा हेल्मेट शोधायला निघालो. एकात खिळे. एकात नटबोल्ट. एकात चौकीदाराची कोंबडी अंड्यांवर बसलेली! तिला उठवायची काही माझी हिंमत झाली नाही.

इंजिनियरसाहेब आले. मी एक हेल्मेट घाईघाईत शर्टाला पुसून त्यांच्या डोक्यावर ठेवला. साहेब दोन पावलं चालले, थांबले, नाक आक्रसलं. कानाजवळून काहीतरी ओढून काढलं आणि बोटावर धरून पाहू लागले. माशाचं खवलं!

मागून सुखदेवभाऊंचा आवाज आला, "सायेब, तो मच्छीचा टोप होय. डोक्शाचा इकडं हाये!"

सुखदेवभाऊ म्हणजे प्लँटवरचा सगळ्यात जुना माणूस. अर्जुनी मोरगावकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सकाळी "जय भीम, सायेब" म्हणायचे, त्यानंतर दिवसभर फारसं बोलायचे नाहीत. पण बोलले की नेमकं लागायचं. तलावातले झिंगे, मासोळ्या आणायला पोरांनी तो हेल्मेट वापरला होता, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

साहेब हसले, सगळे हसले. साहेब गेल्यावर मी मात्र सुखदेवभाऊंवरच उखडलो. पाहुण्यासमोर बोलायची काय गरज होती म्हणून! माणसं हेल्मेटमध्ये मासे ठेवत होती, कारण तो डोक्यावर का घालायचा हे त्यांना कोणी समजावलंच नव्हतं. समजवायचं काम माझं होतं. रागवायचं तर स्वतःवर रागवायला पाहिजे होतं.

*

दुसरा किस्सा पटलेचा. पटले आमचा ड्रायव्हर. हसरा, बोलका, अर्धं हिंदी, अर्धं मराठी आणि घरी फोनवर पूर्ण पोवारी बोली!

उन्हाळ्यात एकदा त्याचा भरलेला मिक्सर रेल्वे फाटकावर अडकला. एक मालगाडी गेली, दुसरी गेली, फाटक काही उघडेना. ड्रममधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं. साखर टाकली की काँक्रीट गोठायला उशीर लागतो, ही ट्रिक या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. पटलेनं समोरच्या किराणा दुकानातून साखरेचं अर्धं पोतं उचललं आणि मागच्या शिडीवर चढला. पायात स्लीपर, गळ्यात दुपट्टा, आणि समोर ड्रम गरगर फिरत असलेला!

फाटकावर एक म्हातारी बकऱ्या घेऊन उभी होती. ती म्हणते, "अवो माय! एवढी साकर! कोणाचं लगन हाये?"

तेवढ्यात दुपट्ट्याचं टोक ड्रमखालच्या चाकात गेलं. मी मागे मोटरसायकलवर होतो, मला सगळं दिसत होतं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना! पटलेनं मान कशी सोडवली त्यालाच ठाऊक. खाली उतरला, गळ्याला लाल वळ, आणि हसत म्हणतो, "भाऊ, दुपट्टा गया, गर्दन बची!"

काँक्रीट वाचलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचा सत्कार केला. टाळ्या वाजल्या. फिरत्या ड्रमजवळ गळ्यात कापड घेऊन जायचं नाही, हे सांगायची ती वेळ होती. आणि मी सत्कारात काय दिलं? नवा दुपट्टा!

*

हा तिसरा सांगताना आवाज आपोआप उतरतो.

चोरखमारा गावाकडे कालव्याचं काम होतं. काँक्रीट आमचं, पसरवायला तिथल्या बाया. ओलं काँक्रीट अंगाला लागलं की कातडी जाळतं. लगेच कळत नाही, संध्याकाळी कळतं. त्यासाठी गमबूट आले होते, दहा जोड, नवे कोरे. मी ते साइटच्या ऑफिसात कपाटात कुलूप लावून ठेवले. सोमवारी पाहणी होती ना! त्याआधी खराब झाले असते.

शनिवारी बाया दिवसभर अनवाणी पायांनी काँक्रीटमध्ये उभ्या होत्या. सोमवारी मी कपाट उघडलं आणि बूट वाटायला सुरुवात केली. इमलाबाई म्हणून एक होती, तिच्या पायांना चिंध्या बांधलेल्या. बुटात पाय घालताच येईना. घोट्यापर्यंत कातडी सोललेली होती. मी विचारलं, "हे काय झालं, बाई?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बुटांकडं पाहिलं आणि म्हणाली, "माह्या पायाचं राहू द्या, सायेब. बूट तं बरे हायेत ना?"



*

आता चावीचं.

रोज ड्रम धुतला तरी आत थोडं काँक्रीट चिकटून राहतं आणि दगड होतं. महिन्या-दोन महिन्यांनी माणसाला ड्रममध्ये उतरून ते हातोडा-छिन्नीनं फोडावं लागतं. हे काम सुखदेवभाऊंचं. त्यांचा नियम एकच. जो आत जाईल, गाडीची चावी त्याच्या खिशात! चावी हातात पडल्याशिवाय ते शिडीला पाय लावायचे नाहीत. हा नियम मी केलेला नाही, कागदावरही नव्हता. त्यांचा त्यांनी केला होता.

एकदा काम संपवून ते सुटीवर निघाले. थोड्या वेळात सेठचा फोन, गाडी काढा, अर्जंट स्लॅब आहे! चावी कुठं? सगळा प्लँट पालथा घातला. शेवटी सुखदेवभाऊंना फोन लावला. ते रेल्वेत होते.

"भाऊ, चावी?"

"काळजी नोका करू, सायेब. माह्या खिशात एकदम सेफ हाये!"

चावी निघाली होती अर्जुनीला! पटलेनं स्टिअरिंगखालच्या वायरी काढल्या, एकमेकींना लावल्या आणि गाडी डायरेक्ट चालू केली. पुढे महिनाभर सगळे त्याला 'डायरेक्ट पटले' म्हणत होते. तोही ऐटीत सांगायचा, "चाबी का क्या काम है!"

असं पुन्हा नको म्हणून मी शहाणपणा केला. डुप्लिकेट चावी बनवून घेतली आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. एका सुखदेवभाऊंनाच तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "मंग माह्या खिशातलीचा काय फायदा?" मी म्हटलं, "अर्जंटलाच वापरू, भाऊ. माझ्याशिवाय कोणी हात नाही लावणार!"

*

खरंच माझ्याशिवाय कोणी हात लावला नाही.

दुपारची जेवणाची सुटी. सिमेंटचा टँकर दहा मिनिटांत पोचतो असा फोन आला आणि पटलेचा मिक्सर नेमका वाटेत उभा. पटले गेटबाहेर टपरीवर चहाला गेलेला. सकाळपासून सुखदेवभाऊ त्याच गाडीच्या ड्रममध्ये काँक्रीट फोडत होते, पण आता हातोड्याचा आवाज येत नव्हता. मी समजलो, सुखदेवभाऊ चावी घेऊन जेवायला गेले. दोन मीटर पुढं तर घ्यायची आहे! खण उघडला, डुप्लिकेट घेतली, केबिनमध्ये चढलो. हाक मारली नाही. ड्रमचा लिव्हर बघितला नाही. तो फिरायच्या जागीच होता.

इंजिन चालू झालं आणि ड्रम फिरला. आत काहीतरी आदळल्याचा आवाज आला, आणि माणसाचा. मी लगेच बंद केलं, पण एक फेरा झाला होता.

सुखदेवभाऊ आतच होते. थकून पाणी पीत बसले होते. त्यांना बाहेर काढलं तेव्हा खांद्याचं हाड मोडलेलं, डाव्या कानातून रक्त. जिवंत होते. कसे, ते देवालाच ठाऊक!

माणसं शेडमधून धावत आली तेव्हा मी खाली उतरलो होतो आणि डुप्लिकेट माझ्या पँटच्या खिशात होती. सेठ आले. "गाडी किसने चालू की? चाबी किसके पास थी?" कोणीतरी सुखदेवभाऊंच्या खिशातून मूळ चावी काढून दाखवली. आणि मी एक वाक्य बोललो. खोटं नव्हतं हो ते! एवढंच म्हटलं, "पटलेला डायरेक्ट करायची सवय आहे."

पटले टपरीवरून धावत आला. "अरे, मी तं चहाले गेलतो!" कोण ऐकणार? त्याच दिवशी त्याला काढलं.

दवाखान्यात मी संत्री घेऊन गेलो. सुखदेवभाऊ छताकडं पाहत म्हणाले, "सायेब, चावी तं माह्या खिशात होती." मी मान खाली घालून संत्रं सोलत बसलो. आजही संत्र्याचा वास आला की मला स्वतःची लाज वाटते.

पटलेला पुन्हा गाडी मिळाली नाही. माणूस आत असताना ड्रम फिरवणारा ड्रायव्हर, असं नाव जिल्हाभर झालं. तो राइस मिलमध्ये पोती उचलू लागला. एकदा मिलच्या गेटवर दिसला. नजर चुकवून निघणार होतो, पण त्यानंच हाक मारली. "भाऊ, सुखदेवभाऊ कैसे है?" आणि मग हळूच, "सेठले माह्यासाठी एक शब्द बोला ना. तुमचं आयकतेत."

मी म्हटलं, "बोलतो." बोललो नाही.

*

चार महिन्यांनी सुखदेवभाऊ कामावर परतले. डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं. एका गाडीच्या ड्रममधलं काँक्रीट फोडायचं होतं. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी नेहमीसारखा हात पुढं केला. मी चावी ठेवली. हात तसाच.

"दुसरी?"

मी ऑफिसात गेलो, खणातून डुप्लिकेट काढली, आणून त्यांच्या हातावर ठेवली. दोन्ही खिशात टाकल्या आणि म्हणाले, "आता इथं ड्रमच्या तोंडाशी बसा. माहं होयेपर्यंत बोलत रावा. तुमचा आवाज इथून येते म्हंजे तुमी केबिनमदी नाई, एवढं मले समजते."

"काय बोलू, भाऊ?"

"पटलेचं सांगा."

मी हेल्मेटचा किस्सा सांगितला. मासे, कोंबडी, इंजिनियर, सगळं! मोठ्यानं, कारण एक कान गेलेला आणि हातोडा चालू. किस्सा संपला की हातोडा थांबायचा आणि आतून यायचं, "हं. मंग?" मी दुसरा काढायचो. असं वर्षभर चाललं. दर वेळी आत उतरताना ते म्हणायचे, "आज पटलेचं." मी दर वेळी दुसरंच काही सांगायचो. साखरेचं सांगितलं, बुटांचं सांगितलं, स्वतःची फजिती स्वतःच रंगवून सांगितली. आजूबाजूची माणसं कामं सोडून ऐकायला जमायची, हसायची. माझं नाव झालं, साहेब काय किस्से सांगतात! मी सांगत होतो, कारण एक सांगायचा नव्हता.

मग एक दिवस किस्से संपले. खरंच संपले, एक उरला नाही. मी ड्रमच्या तोंडाशी बसलेलो. शेडसमोर सगळे ड्रायव्हर चहा घेत उभे. सेठची गाडी गेटमधून आत येत होती. हातोडा थांबला.

"सायेब, तुमी हाये ना?"

"आहे, भाऊ."

"पटलेचं रायलं."

सेठची गाडी ऑफिससमोर येऊन थांबली, काच खाली झाली. सेठ आम्हा दोघांकडं पाहत होते. मी सुरुवात केली, पण आवाज कुजबुजल्यासारखा निघाला.

"जोरात, सायेब. माह्या कानाचं तं तुमाले मालूम हाये."

मी उभा राहिलो. दोन्ही हात तोंडाला लावले आणि सगळ्या प्लँटला ऐकू जाईल असा ओरडलो, "त्या दिवशी गाडी पटलेनं नाही, मी चालू केली! डुप्लिकेट चावीनं! मी हाक मारली नाही, आत पाहिलं नाही, आणि नाव पटलेचं सांगितलं!"

चहा पिणारे ड्रायव्हर आमच्याकडं वळले. सेठ गाडीतून उतरले. मी ड्रमच्या काळ्या तोंडाकडं पाहत उभा होतो.

"हं," आतून आवाज आला. "मंग?"