आबांचा खालचा ओठ

उन्हात ओठांना लावायच्या मलमाची डबी लेकीनं उघडली आणि थेट तुपाचा वास आला. त्या वासासरशी मावळातल्या कान्हे गावच्या माळावरचे माझे वडील, आबा, डोळ्यांपुढे उभे राहिले. वैशाखाच्या उन्हात भातासाठी रान भाजताना त्यांचा खालचा ओठ असा उलायचा, की त्या भेगेत पोतंभर इंद्रायणी भात पिकतो, असं मी गावभर सांगायचो.

“आबा, तोंडाला पंचा बांधा की!” मी एकदा ओरडलो.

“मी काय नवरी हाय व्हय? रोज बेंबीत तूप घालतोय, भरंल ओठ.”

ते हसले, तसं ओठातून रक्त आलं. मीही हसलो.

ओठ भरलाच नाही. पुढे कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी ओठच कापून काढला. त्यानंतर आबा भिंतीकडे तोंड करून जेवायचे, आणि अख्ख्या मावळाला थापा ऐकवणारा मी नुसता त्यांच्या पाठीकडे बघत बसायचो.