हरणाबाईचा ओटा

माधवनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला आकाराम फरशीवाल्याचं घर आहे. मूळचा जत तालुक्यातला, बाप मेंढरं राखणारा. आकाराम तरणा असताना सांगलीत गवंड्याच्या हाताखाली आला आणि फरशीकामात असा तरबेज झाला, की विश्रामबागेतल्या बंगल्यांतून त्याला बोलावणी यायची. फरशी काय, सगळेच बसवतात. आकारामचं नाव होतं ते त्याच्या मापासाठी. ओटा घालण्याआधी तो घरातल्या बाईला भिंतीशी उभं करायचा, हात कोपरात वाकवायला सांगायचा आणि कोपराच्या चार बोटं खाली पेन्सिलीनं खूण करायचा. म्हणायचा, "वैनी, आता लाटताना खांदा उचलाय लागायचा न्हाई." ओट्याच्या बुडाशी पावलं आत जातील एवढी जागा ठेवायचा. न्हाणीत म्हाताऱ्या माणसाला बसून अंघोळ करता यावी म्हणून कडाप्प्याचा कट्टा, खिडकीत चहाचा कप घेऊन बसता येईल असा रुंद ग्रेनाइट. बायका त्याला दुवा द्यायच्या.

त्याची बायको हरणाबाई, तीही मेंढरं राखणाऱ्याच्याच घरची, मात्र जमिनीवर स्वयंपाक करायची. गॅसची शेगडी फरशीच्या तुकड्यावर, भांडी मागच्या दारी उकिडवं बसून. बाई बुटकी, आणि मुलगी अपेक्षा झाल्यापासून कंबर धरलेली. वर्षा-दोन वर्षांनी ती विचारून बघायची.

"आवं, मागं उरल्यालं तुकडं पडल्यात न्हवं? तेवढ्यात एक ओटा हुईल की."

"तुझ्या बानं मेंढरामागनं ओटा घेऊन हिंडवलं व्हतं व्हय तुला?" असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा. पाहुणे हसायचे. तीही हसायची. न हसल्यावर पाहुणे गेल्यानंतर काय होतं, ते तिला ठाऊक होतं.

एकदा शरयूताई म्हणून एक शिक्षिका वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला त्याच्या घरी आल्या. त्यांचं स्वयंपाकघर आकारामनंच केलं होतं. हरणाबाई शेगडीपुढं खाली बसून, एका हातानं कंबर दाबत भाकरी थापत होती. ताई दारातच थांबल्या.

"अहो आकाराम, माझ्या साबणाच्या कोनाड्यावरून तुम्ही माझ्याशी तासभर वाद घातलात. आणि यांना साधा ओटा नाही?"

"करायचाच हाय, ताई," आकाराम हसत म्हणाला.

ताई गेल्यावर तो दोन दिवस बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विटा घेऊन आला. हरणाबाईनं सिमेंट कालवलं, विटा हातात दिल्या. मग ती आपणहून भिंतीशी उभी राहिली आणि हात कोपरात वाकवला.

आकारामनं तिच्याकडं बघितलं. मग स्वतःचा हात वाकवून तिच्या छातीच्या उंचीवर खूण केली.

"आवं, ह्यो लय उंच हुतोय."

"मोठ्या बाईनं शिफारस केलीया तुझी. मोठ्यांचं ओटं उंचच असत्यात."

काळाभोर ग्रेनाइट लावला, कडा घासून गुळगुळीत केल्या. आम्ही शेजारी बघायला गेलो, तेव्हा त्यानं हौसेनं दाखवला. शेगडी वर गेली आणि हरणाबाईला पातेल्यातलं दिसेना. तिनं पायाखाली विटा घेतल्या, त्या त्यानं लाथेनं बाहेर उडवल्या. मग तो समोर नसला, की ती पाटावर उभी राहायला लागली. चार वर्षं तिनं तसाच स्वयंपाक केला.

एका सकाळी भाताचं पातेलं उतरवताना पाट निसटला. उकळती पेज कोपरापासून बोटांपर्यंत उजव्या हातावर आली. आकाराम न्हाणीतून ओलाच धावत आला. जमिनीवर लोळणाऱ्या बायकोकडं बघून पहिलं वाक्य बोलला ते हे: "सगळा भात सांडलास व्हय?"

हात वाचला, पण बोटं आखडून गेली. अपेक्षाचं तोवर कोरेगावात लग्न झालं होतं. ती दवाखान्यातूनच आईला घेऊन गेली आणि बापाला फोनवर म्हणाली, "आबा, आधी ओटा फोडा. मग आई येईल."

"माझ्या घरात हातोडा मी चालवीन," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

महिना झाला. अपेक्षाची सासू शेजारणीला मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायला लागली, की लेकीच्या दारात माणसानं किती दिवस काढायचे. हरणाबाईनं पिशवी भरली आणि एकटीच रेल्वेत बसून परत आली.

"आलीस? चा ठेव," आकाराम म्हणाला.

तिनं डाव्या हातानं शेगडी ओढून खाली घेतली.

"वर ठेव ती."

"न्हाई."

त्यानं हात उगारला. तिनं उजवा हात पुढं केला, वाळल्या लाकडासारखा. "हितं मारा. हितं मला कायबी कळत न्हाई."

हात खाली आला. त्यानंतर त्यानं तिला मारलं नाही.

पुढं फरशीकामानं त्याचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केली. हरणाबाई त्याचं ताट शेगडीपाशी जमिनीवर वाढते.

"खुर्चीवर दे की गं."

"हितं हाय. खाली."

तो ओट्याची कड धरून कण्हत बसतो. उठताना तीन-तीनदा हात गुळगुळीत कडेवरून सुटतो. ती हातभर अंतरावर बसून डाव्या हातानं सावकाश जेवत असते. दिवाळीला आलेल्या अपेक्षानं हे पाहिलं. बापाला धरायला ती घास टाकून उठली.

"बस तू," हरणाबाई म्हणाली. "जेव."

अपेक्षानं एकदा आईच्या हाताकडं बघितलं, आणि ती बसली.